कुस्ती निकाली, फोटो अडकलेला: सीमाभागातल्या मैदानांवरून फोटो वेळेत कसे पोचवायचे

शेवटची जोड लागते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते आणि तिकडे डाक आवृत्तीचं, म्हणजे लांबच्या तालुक्यांना जाणाऱ्या अंकाचं, पान लावायला घेतलेलं असतं. मधल्या अर्ध्या-पाऊण तासात फोटो निवडायचा, ओळी लिहायच्या, पाठवायचा. नेमक्या त्याच वेळी मैदानातला प्रत्येक जण गदा उंचावलेल्या पैलवानाचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर चढवत असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यातल्या जत्रेच्या कुस्त्या, कबड्डी, फुटबॉल, टेनिस बॉल क्रिकेट टिपून वर्तमानपत्रांना पाठवायला तुम्ही नुकती सुरुवात केली असेल, तर पुढचं वाचा. कॅमेरा तुम्हाला चालवता येतो असं धरलं आहे. इथे बोलायचं आहे ते शटर दाबल्यानंतरचं. आणि सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: पहिला फोटो एकच पाठवायचा, हलका, नावासकट. बाकीचे त्याच्यामागून.

१. निघण्याआधी डेस्कला (वर्तमानपत्रात पान लावणाऱ्यांना) चार प्रश्न

पान किती वाजता सुटतं? ‘रात्री’ हे उत्तर घेऊ नका, वेळ घ्या. लांबच्या तालुक्यांचे अंक सहसा आधी छापून गाडीत पडतात आणि शहर आवृत्ती शेवटी निघते. म्हणजे एकाच दैनिकाला तुमच्याकडून दोन वेळा पाळून हव्या असतात.

फोटो उभा हवा की आडवा, आणि साधारण किती कॉलम?

कुठे पाठवायचा? सर्व्हर असेल तर पत्ता, युजरनेम, पासवर्ड, फोल्डरचं नाव आणि प्रकार विचारा. एफटीपी, एफटीपीएस आणि एसएफटीपी हे सर्व्हरवर फाइल चढवण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत. नावं सारखी वाटतात म्हणून नवखा माणूस कुठलाही निवडतो आणि तासभर पासवर्ड तपासत बसतो. साधं एफटीपी सहसा २१ क्रमांकाच्या पोर्टवर असतं, एसएफटीपी २२ वर.

त्या वेळी डेस्कवर प्रत्यक्ष कोण बसलेलं असेल, आणि त्यांचा नंबर? संपादकांचा नंबर संध्याकाळी सातला उपयोगाचा नसतो.

ही चारही उत्तरं कागदावर लिहा. फोन बंद पडला की त्यातली टिपणंही बंद पडतात.

२. पिशवीत काय हवं

- मैदान कमिटीचा किंवा संयोजकांचा पास, ओळखपत्र आणि जोडींचं हँडबिल
- दोन कार्ड रीडर. एक बिघडतोच, आणि बिघडला की खापर कार्डावर फुटतं
- दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन फोन. एकाच फोनमधली दोन सिम हा अर्धाच उपाय, कारण डेटा एका वेळी एकाच सिमवर चालतो
- डेटा जाणाऱ्या दोन यूएसबी केबल. चार्जरसोबतच्या काही स्वस्त केबलमधून फक्त वीज जाते. घरी कॅमेरा किंवा फोन जोडून बघा आणि चालणाऱ्या केबलला लाल दोरा बांधा
- २०,००० एमएएचची, ४५ ते ६५ वॉट पीडी (यूएसबी-सीवरून जलद चार्जिंग) आउटपुटची पॉवर बँक. तिच्यात सुमारे ७४ वॉट-तास असतात. गळती वजा जाता हलका लॅपटॉप जेमतेम एकदा भरतो. १८ वॉटच्या साध्या पॉवर बँकेवर बहुतेक लॅपटॉप चार्जच होत नाहीत
- ब्लोअर, कोरडं सुती फडकं, झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पेन, छोटी वही

लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. ओटीजी, म्हणजे थेट फोनला जोडता येणारा, कार्ड रीडर आणि चांगला फोन एवढ्यावर काम होतं. मात्र ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होतात आणि काही जुने अँड्रॉइड फोन ती वाचत नाहीत. अशा फोनसाठी ३२ जीबीचं कार्ड जवळ ठेवा.

३. घरीच उरकायची जुळवणी

कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी मिनिटाला मिनिट जुळवा. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींचं. सकाळ-संध्याकाळ उलटी लागली किंवा वर्ष चुकलं, तर डेस्कच्या यादीत तुमचा फोटो वेळेप्रमाणे तळाला जाऊन बसतो आणि ‘आलाच नाही’ असं उत्तर मिळतं.

कॅमेऱ्यात दोन कार्डं बसत असतील तर एकावर रॉ आणि दुसऱ्यावर मध्यम आकाराचे जेपेग घ्या. पाठवायचं ते जेपेगच. रंगाची जागा एसआरजीबी ठेवा; अ‍ॅडोबी आरजीबीतला फोटो डेस्कच्या साध्या स्क्रीनवर फिका दिसतो आणि कुणीतरी उत्साहाने त्याचे रंग भडक करून ठेवतो. छपाईसाठीचं सीएमवायके रूपांतर तुम्ही करू नका. ते छापखान्याच्या शाईप्रमाणे तिथेच होतं.

फाइलच्या नावात फक्त इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा. आधी तारीख, मग गाव, मग तीन आकडी क्रमांक. देवनागरी नाव, मोकळी जागा किंवा स्वल्पविराम असला की काही सर्व्हर फाइल नाकारतात, काही घेतात पण पुढे उघडत नाहीत.

आयपीटीसी, म्हणजे फोटोच्या पोटात बसणारा मजकूर, याचा साचा आधीच भरून ठेवा: तुमचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, तारीख, स्पर्धेचं नाव. मैदानावर फक्त पैलवानांची नावं आणि निकाल भरायचा राहिला पाहिजे. फोटो मेकॅनिकसारख्या प्रोग्राममध्ये छोट्या खुणेच्या जागी पूर्ण नाव आपोआप येण्याची सोय असते. हँडबिलवरच्या जोडींना घरीच क्रमांक देऊन ती यादी तयार ठेवली, तर अंधारात, हलगीच्या कडकडाटात प्रत्येक नाव टाइप करावं लागत नाही.

इथला खास सापळा फॉन्टचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फोटोत भरला की पलीकडे नुसती चिन्हं उमटतात. युनिकोडमध्येच लिहा. डेस्कची यंत्रणा युनिकोड देवनागरीचीही प्रश्नचिन्हं करत असेल, तर फोटोत इंग्रजी अक्षरांत नावं भरा आणि मराठी ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळ्या पाठवा. हुबळीच्या कन्नड दैनिकाला तोच फोटो जाणार असेल तर इंग्रजीच बरं.

शेवटी एक चाचणी फोटो पाठवून बघा, पण घरच्या वायफायवरून नको. मोबाइल डेटावरून पाठवा. घरून गेलेला फोटो मैदानातून न जाण्याची कारणं बहुधा या एका फरकात लपलेली असतात.

४. मैदानात पोचल्यावर आधी नेटवर्क, मग जागा

पूर्ण मैदान भरण्याआधी पोचा आणि दोन्ही फोनवर वेगाची चाचणी घ्या. बघायचा तो अपलोडचा आकडा. डाउनलोड ४० आणि अपलोड ०.३ अशी स्थिती गर्दीत सर्रास असते. रेंजच्या काड्यांवर विसंबू नका. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय एवढंच त्या सांगतात, टॉवरसमोर किती मोठी रांग आहे ते नाही.

मग मैदानाच्या बाहेर दोन-तीनशे मीटरवर, शक्यतो गावाच्या दुसऱ्या बाजूला किंवा उंचवट्यावर, पुन्हा चाचणी घ्या. जिथून बरा आकडा येतो ती जागा हेरून ठेवा. गर्दी वाढल्यावर तिथेच चालत जायचं आहे. हौद्याजवळ (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याजवळ) बसून ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबत राहण्यापेक्षा तीन मिनिटं चालणं स्वस्त पडतं.

फोनवर ५जी लिहिलेलं दिसतं आणि फोटो मात्र हलत नाही, असं झालं तर सेटिंगमध्ये जाऊन ४जीवर बांधून टाका. तेवढ्यानेही नाही भागलं तर दहा सेकंद विमान मोड चालू करून बंद करा, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. जिओला २जी-३जी नाही, त्यामुळे ४जी सुटलं की डेटा शून्य. एअरटेल २जीवर उतरतं. त्यावर चारशे केबीचा फोटो मिनिटा-दोन मिनिटांत रांगत का होईना जातो.

आता सीमेची गंमत. निपाणी-कोगनोळी किंवा कागवाडच्या पट्ट्यात फोन कधी कर्नाटक सर्कलचा (मोबाइल सेवेच्या विभागाचा) टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा. कणकुंबी-चोर्ल्याकडे गोव्याचा, आणि तो महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्येच मोडतो. सिम आपलं, कंपनीही आपली, पण फोनच्या लेखी ते रोमिंग. काही फोनवर ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर त्या क्षणी इंटरनेट गायब होतं आणि काड्या मात्र भरलेल्या दिसतात. या भागात फिरणाऱ्याने ते बटण कायम चालू ठेवावं. फोन सारखा उड्या मारत असेल तर नेटवर्क आपोआप न निवडता हाताने निवडून बांधा.

जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात काही ठिकाणी काहीच मिळत नाही. तिथे खटपट करण्यात अर्थ नाही. निकाली कुस्ती झाली की रेंज असलेल्या गावाकडे निघायचं, आणि हे डेस्कला सकाळीच सांगून ठेवायचं, म्हणजे ते जागा राखतात.

लॅपटॉपला नेट देताना वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग वापरा, म्हणजे फोन केबलने जोडून त्याचं नेट घ्या. शेकडो फोनांच्या गोंगाटात छोटा हॉटस्पॉटही अडखळतो. आणि विंडोजमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरायचं) करून ठेवा, फोटोंचे आपोआप होणारे बॅकअप थांबवा. नाहीतर तुमचा एक फोटो रांगेत उभा आणि पुढे विंडोजचं अपडेट आणि गेल्या महिन्याच्या लग्नाचे चारशे फोटो.

५. नावं शटरनेच टिपून ठेवा

फोटो वेळेत गेला आणि नाव चुकलं तर तो न गेल्यासारखाच. मातीतल्या कुस्तीत दोघांचे लंगोट सारखे, अंग मातीने माखलेलं, आणि हँडबिलवरची जोड आयत्या वेळी बदललेली. म्हणून प्रत्येक मोठ्या जोडीची सलामी टिपा, दोघांचे चेहरे दिसतील अशी. निवेदक नावं पुकारतो तेव्हा ती वहीत लिहा, कोण डावीकडे तेही लिहा. निकालानंतर पंच हात वर करतात तो फोटो घ्या. ही दोन चित्रं मधल्या सगळ्या चित्रांची ओळख पटवतात. मॅटवरच्या कुस्तीत लाल-निळ्या पोशाखामुळे हे काम सोपं होतं, कबड्डी-फुटबॉलमध्ये जर्सीच्या क्रमांकामुळे.

डावाचं नाव माहीत नसेल तर शेजारच्या वस्तादांना विचारा, नाहीतर लिहूच नका. इथला वाचक ढाक आणि कलाजंग यांत गल्लत खपवून घेत नाही. सकाळी फोन वाजतोच.

गावाच्या नावापुढे तालुका-जिल्हा लिहा. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. शहापूर म्हटलं की बेळगावकराला शहरातलं शहापूर आठवतं, मुंबईच्या डेस्कला ठाणे जिल्ह्यातलं. बेळगाव शहराचं इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं आहे. कीवर्डमध्ये जुनं आणि नवं दोन्ही ठेवा, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला फोटो सापडतो.

६. पहिला फोटो: किती मोठा?

इथे थोडं गणित केलेलं बरं. आठ कॉलमी पानाची छापील रुंदी साधारण ३३ सेंटीमीटर, म्हणजे १३ इंच. वृत्तपत्राच्या कागदाला इंचाला २०० पिक्सेल पुरतात. पानभर रुंद फोटोलाही २६०० पिक्सेल झाले. चार कॉलमला १३०० च लागतात. म्हणून लांब बाजू २००० पिक्सेल, जेपेगचा दर्जा ८० च्या आसपास, एवढा फोटो पहिल्या फेरीला भरपूर झाला.

आता वेळ बघा. अपलोडचा वेग ०.२ एमबीपीएस असेल तर ६०० केबीचा फोटो जायला सुमारे २४ सेकंद, २ एमबीचा ८० सेकंद, कॅमेऱ्यातून निघालेला १२ एमबीचा जेपेग आठ मिनिटं आणि ३० एमबीची रॉ फाइल वीस मिनिटं. हे मध्ये काही तुटलं नाही तर. तुटलं की बऱ्याचदा पहिल्यापासून सुरुवात.

आधी कापा, मग आकार कमी करा. रात्रीच्या दिव्यांत आयएसओ ६४०० वर घेतलेल्या फोटोत दाणे जास्त असतात आणि त्या दाण्यांमुळे जेपेग फुगतो; थोडे दाणे काढले की फाइल बरीच हलकी होते. उभे फोटो प्रोग्राममधून नव्याने सेव्ह करूनच पाठवा. कॅमेऱ्याने नुसती ‘फिरवा’ अशी खूण ठेवलेली असते आणि काही यंत्रणा ती वाचत नाहीत, मग पैलवान आडवा.

एकच फोटो जाऊ द्या. एका वेळी एकच अपलोड, समांतर जोडण्या एकवर आणून ठेवा. गेल्यावर डेस्कला फोन करा, आणि ‘मिळाला का?’ असं विचारू नका. यादीत नाव दिसलं की समोरचा ‘हो’ म्हणतो. ‘उघडला का? खालचा भाग राखाडी नाही ना?’ असं विचारा. तुटलेला अपलोड नेमका असा दिसतो: वर कुस्ती, खाली राखाडी पट्टा.

७. अडलं तर आकडा वाचा

सर्व्हर नकार देतो तेव्हा आकड्यात कारण सांगतो. तो न वाचता पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात बहुतेकांची पंधरा मिनिटं जातात.

५३०: युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो किंवा शेवटी मोकळी जागा टाकतो, ते आधी बघा. पासवर्ड बदलला असेल तर डेस्कलाच विचारावं लागेल.

५५०: फोल्डरचं नाव चुकलं किंवा तिथे लिहायची परवानगी नाही. फोल्डरची अक्षरं लहान-मोठी जशी दिली तशीच हवीत.

४२५, किंवा लॉगिन होतं आणि यादी उघडताना सगळं थिजतं: पॅसिव्ह मोड बंद आहे. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे सर्व्हरला तुमच्या फोनपर्यंत उलटी वाट सापडत नाही. पॅसिव्हमध्ये दोन्ही जोडण्या तुमच्या बाजूने होतात. घरी चालत होतं आणि मैदानात नाही, याचं हे एक नेहमीचं कारण.

४२१: सर्व्हर सध्या सेवा देत नाही, बहुधा जोडण्या जास्त झाल्यामुळे. तुमच्याच अर्धवट तुटलेल्या जोडण्याही त्यात मोजल्या जातात. प्रोग्राम बंद करून दोन मिनिटं थांबा.

४५२ किंवा ५५२: तिकडची जागा संपली. तुमच्या हातात काही नाही, लगेच फोन करा आणि दुसऱ्या वाटेने पाठवा.

आकडाच येत नाही, नुसतं फिरत राहतं: हॉटेलचं वा मंगल कार्यालयाचं वायफाय असेल तर ब्राउझर उघडून बघा, लॉगिनचं पान अडून बसलेलं असतं. काही ठिकाणी २१ क्रमांकाचं पोर्टच बंद केलेलं असतं. सरळ मोबाइल डेटावर या. फोनवरून पाठवत असाल तर बॅटरी सेव्हर बंद करा आणि स्क्रीन चालू ठेवा. स्क्रीन मिटली की अँड्रॉइड मागचं अ‍ॅप झोपवतं.

फाइल गेली पण शून्य केबी दिसते: पुन्हा पाठवताना नाव बदला. अर्धवट फाइलवर नवी चढवायला काही सर्व्हर नकार देतात.

दोन प्रयत्न फसले की तिसरा त्याच वाटेने करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून. गॅलरीतून पाठवलेला फोटो दाबला जातो आणि पोटातला मजकूर पुसला जातो. एचडी निवडलं तरी दाबला जातोच. ईमेल चालतो, जीमेलला जोडफायलींची मर्यादा २५ एमबी आहे. तेही जमेना, तर फोन करून निकाल तोंडी द्या आणि जागा ठेवायला सांगा. बातमी तरी जाईल.

८. कार्ड वाचत नसेल तर

आधी दुसरा रीडर, मग दुसरी केबल, मग कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेराच जोडून बघा. बहुतेक ‘मेलेली’ कार्डं इथेच जिवंत होतात. एसडी कार्डाच्या कडेची कुलूपपट्टी सरकली असेल तर कॅमेरा लिहीत नाही, पण वाचता येतं.

खरंच बिघडलं असेल तर त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. ‘फॉरमॅट करू का?’ या प्रश्नाला नाही म्हणा, कार्ड बाजूला ठेवा, दुसरं घाला. घरी गेल्यावर फोटोरेक या मोफत प्रोग्रामने बरेच फोटो परत मिळतात. ते मात्र त्याच कार्डावर साठवू नका. लाल दिवा चमकत असताना कार्ड ओढणं, एक कार्ड फॉरमॅट न करता दोन कॅमेऱ्यांत फिरवणं आणि लॅपटॉपवरून फोटो पुसणं ही बिघाडाची नेहमीची कारणं.

९. माती, ऊन, पाऊस, वीज

हौद्यातल्या मातीत तेल, हळद, ताक असतं. ती लेन्सवर बसली की फडक्याने पुसण्याआधी ब्लोअर मारा, फुंकर नको. हौद्याच्या कडेला लेन्स बदलू नका आणि कार्डाची खाच उघडी ठेवू नका.

मे महिन्याच्या उन्हात फोन तापला की वेग कमी करतो आणि चार्जिंग थांबवतो. सावलीत ठेवा, कव्हर काढा, पाठवताना चार्ज करू नका. पावसाळ्यात फुटबॉल असेल तर फोन आणि रीडर झिपच्या पिशवीत.

हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) वीज गेली की मांडव जनरेटरवर जातो. मोठे दिवे चालू-बंद होताना दाब वरखाली होतो, म्हणून लॅपटॉप तिथे थेट जोडू नका. आपली पॉवर बँक वापरा.

१०. मैदान उठल्यावर

शहर आवृत्तीसाठी आणखी चार-पाच फोटो, आता ३००० पिक्सेलचे: एक डावाचा, एक विजेत्याचा, एक गर्दीचा, एक वस्ताद किंवा हलगीवाल्यांचा. प्रत्येकाला पूर्ण ओळी. पहिल्या फोटोत काही नाव चुकलं असेल तर नुसता नवा फोटो पाठवून थांबू नका, फोन करून जुना काढायला सांगा, नाहीतर घाईत तोच लागतो.

कार्डं त्या रात्री पुसू नका. अंक हातात पडेपर्यंत ठेवा; सकाळी एखाद्या कमिटीला किंवा दुसऱ्या दैनिकाला नेमका तो फोटो हवा असतो जो तुम्ही पाठवलेला नसतो. घरी दोन ठिकाणी नक्कल झाल्यावरच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा. आणि आज कुठल्या जागेवर कुठल्या सिमला किती अपलोड मिळाला ते वहीत लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षीची जत्राही त्याच गावात आहे.